कॅमेरा एकतीस

छताला दोनशे बारा डोळे
आणि त्यांच्या मागे मी एकटी,
थर्मासमधली कॉफी तळाला गेलेली.
पूर्वी या खोलीत आम्ही तिघी असायचो.
बाहीत पत्ता सरकवणारा
मनगटावरून ओळखायचो,
चेहऱ्यापर्यंत जायची गरजच पडत नसे.

आता मी खुर्च्या बघते.
लाल रेक्झिनच्या, पाठ ताठ करून बसलेल्या,
कुणी बघायला येणार असल्यासारख्या.

गेल्या वर्षी नदीपलीकडे, केंटकीच्या बाजूला,
नवा कॅसिनो उघडला. अकरा मैल.
पुलावर टोलसुद्धा नाही.
आमच्या पार्किंगच्या पाचव्या मजल्यावरून
त्याचा उजेड दिसतो,
ढगांच्या पोटाला जांभळं लागलेलं.

हॅगर्टीसाहेबांनी आधी खेकडे बंद केले,
मग मंगळवारचा बुफे,
मग बुफे.
एका रात्रीत दर तिसरं मशीन उचललं
आणि उरलेली लांब लांब सरकवली,
चार केस विंचरून टक्कल झाकावं तशी.
मशीन गेली तिथे गालिच्यावर चौकोन राहिले
मूळच्या रंगाचे, गर्द,
पंचवीस वर्षं पाय न लागलेले.
त्यांच्यावर प्लास्टिकची झाडं ठेवलीत.
मी वरून बघते म्हणून मला दिसतं,
झाडं चौकोनांहून लहान आहेत.

वेंडेलच्या बसमधून बेचाळीस म्हाताऱ्या यायच्या,
प्रत्येकीच्या मुठीत वीस डॉलरचं कुपन.
आता नऊ येतात.
त्यातल्या दोघी, वेंडेल म्हणतो,
नुसत्या खिडकीसाठी येतात.

कॅमेरा एकतीस. ब्लॅकजॅक, टेबल चार. डेझमंड.
गिऱ्हाईक नसलं तरी डीलरनं उभं राहायचं,
पत्ते पंख्यासारखे पसरून,
तळवे उघडे. नियम आहे.
दोन तास तो तसाच.
जवळ घेतलं तर ओठ हलताना दिसले.
हप्ते मोजत असेल, किंवा गात असेल.
आमच्या कॅमेऱ्यांना कान नाहीत.

कॅमेरा बावन्न. इथे ओपल स्टिग्लर असायची.
नाकात ऑक्सिजनची नळी, पायाशी सिलिंडर,
बटण दाबण्याआधी मशीनला दोनदा थोपटायची,
गाय दुधाला बसल्यावर थोपटतात तशी.
मार्चपासून नाही.
मी मनातल्या मनात तिला पुरून टाकलं,
एक मिनिट स्क्रीन काळा ठेवला.
तेवढंच माझ्या हातात होतं.

माझी सुट्टी बुधवारी.
आम्हाला आमच्याच घरात खेळायला बंदी,
पहिल्या दिवशीच सही घेतात.
मग पूल ओलांडायचा.
डेझमंड ओलांडतो, बुफेतली मार्सेलिन ओलांडायची,
हॅगर्टीसाहेबांची गाडी तिकडे मला कधी दिसली नाही,
असं मी सांगते.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
आम्ही वासे.
दर बुधवारी फिरतो.

तिकडे नव्या गालिच्याचा वास,
आणि माणसं, माणसं, कोपराला कोपर.
एकच खुर्ची रिकामी होती.
शेजारी ओपल स्टिग्लर.
जिवंत. ओठांना लाली.
सिलिंडरला ठेवायला खाली चक्क कप्पा.
मी हसले, एखाद्या चुलतबहिणीला बघून हसावं तशी.
तिनं पाहिलं, परक्या बाईकडे पाहतात तसं.
बरोबरच होतं.
सहा वर्षं मी तिच्या बोटांचे सांधे सुजताना पाहिले,
तिनं मला एकदाही नाही.

“बस गं,” ती म्हणाली, “कुणाची नाहीये ही.
आधी मी पलीकडे जायची.
तिकडे फार शांत झालं होतं.
कुणीतरी बघत असल्यासारखं वाटायचं.”

एकशे चाळीस डॉलर गेले.
ओपलनं माझ्याही मशीनला दोनदा थोपटून पाहिलं,
उपयोग झाला नाही.
उठताना वर नजर गेली,
छताला काळा, गुळगुळीत घुमट.
मी दोन्ही तळवे उघडून त्याला दाखवले.

असेल कुणीतरी.
तिघी असतील अजून.